आनंद पटवर्धन : माहितीपट पूर्ण झाल्यावर सुरू होणारे काम

पारावरचा (धागाकर्ता)

माहितीपटकार आनंद पटवर्धनांविषयी मराठीत चर्चा सुरू झाली की ती बहुधा त्यांच्या राजकीय भूमिकेवर येऊन थांबते आणि चार प्रतिसादांतच हातघाईवर येते. या धाग्यात त्यांच्या कारकिर्दीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावे असे मला वाटते. चित्रीकरण आणि संकलन हे त्यांच्या कामाचे निम्मेच अंग आहे. उरलेले निम्मे काम सेन्सॉर बोर्ड, दूरदर्शन, उच्च न्यायालय आणि वस्तीत बांधलेला पडदा यांच्या दरम्यान झाले. ते वगळून त्यांच्या माहितीपटांचे मूल्यमापन केले तर ते अपुरे राहते, असे माझे मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पटवर्धनांचा जन्म १९५० मध्ये मुंबईत झाला. नगरचे रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका, त्यामुळे स्वातंत्र्यलढा आणि समाजवादी चळवळ घरातच होती. आई निर्मला पटवर्धन मातीची भांडी घडवणाऱ्या नामवंत कलावंत होत्या. मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले, तेव्हा तेथे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातले आंदोलन ऐन भरात होते. त्याच काळात त्यांनी सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत स्वयंसेवक म्हणूनही काम केले. परतल्यावर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षण प्रकल्पात ते काही काळ होते, आणि तेथून १९७४ मध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनात बिहारला गेले.

त्यांच्या हाती कॅमेरा आला तो सिनेमा करायचा म्हणून नव्हे. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात मोठा मोर्चा निघणार होता आणि लाठीमार होणार हे जवळजवळ ठरलेलेच होते. पोलिसांच्या वर्तनाचा दृश्य पुरावा चळवळीच्या हाती असावा, एवढाच हेतू होता. सुपर-८ या छोट्या, हौशी वापराच्या फिल्मवर टिपलेली ती दृश्ये पुढे १६ मि.मी. फिल्मवर उतरवून ‘क्रांती की तरंगें’ तयार झाला. तो दाखवायला सुरुवात होते न होते तोच आणीबाणी आली. मग त्याच्या प्रतीचे तुकडे करून ते निरनिराळ्या लोकांबरोबर देशाबाहेर पाठवावे लागले आणि तेथे ते पुन्हा जोडण्यात आले. म्हणजे पहिल्याच माहितीपटापासून ‘हा दाखवायचा कसा?’ हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला, तो आजतागायत उतरलेला नाही.

त्यावर त्यांनी शोधलेला मार्ग मला फार चतुर वाटतो. चळवळीतल्या अनेकांनी सेन्सॉर बोर्डाकडे पाठ फिरवली आणि खाजगी खेळांवर समाधान मानले. पटवर्धनांनी मात्र प्रमाणपत्र मागितले, तेही एकही काटछाट न करता. प्रमाणपत्र हाती असले की स्थानिक पोलिस ठाण्याला खेळ बंद पाडण्यासाठी सबब शोधावी लागते. मग माहितीपट राष्ट्रीय पुरस्काराच्या स्पर्धेत उतरायचा. पुरस्कार मिळाला, आणि त्यांना तो वारंवार मिळाला, की दूरदर्शनकडे प्रक्षेपणाची मागणी करायची, कारण सरकारच्याच परीक्षकांनी गौरवलेली कलाकृती सरकारी वाहिनीने का दाखवू नये, या प्रश्नाला सरळ उत्तर नसते. दूरदर्शन नकार देणार, हे गृहीतच असे. त्या नकाराचे पत्र घेऊन उच्च न्यायालयात जायचे. ‘बॉम्बे : हमारा शहर’, ‘राम के नाम’, ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ हे सगळे याच वाटेने दूरदर्शनच्या पडद्यावर आले. सरकारी यंत्रणेचा एक हात पुरस्कार देतो आणि दुसरा दार लावून घेतो, ही विसंगती त्यांनी आयुष्यभर आपल्या कामी लावली.

जाणकारांनी यात भर घालावी. मतभेद असल्यास तेही मांडावेत, मात्र कृपया माहितीपटांविषयीच बोलावे.

काळाकोट

धागाकर्त्यांचे निरीक्षण मला मान्य आहे, मात्र त्याला एक पूर्वपीठिका जोडावी लागेल. माहितीपट आणि न्यायालय यांचे नाते पटवर्धनांच्या आधीचे आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ मध्ये कोलकाता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील विषमतेवर लघुपट केला. सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘यू’, म्हणजे सर्वांसाठी खुले, प्रमाणपत्र नाकारले, तेव्हा अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेच्या चौकटीत बसते असे ठरवले. चित्रपट प्रेक्षकाच्या भावनांवर छापील मजकुरापेक्षा अधिक थेट परिणाम करतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो निकाल आजही चित्रपटांच्या सेन्सॉरशिपचा पाया आहे. त्यामुळे सेन्सॉरशिपच रद्द करा, अशी मागणी पटवर्धनांना या खटल्यांतून पदरात पाडून घेता येणार नव्हती. त्यांना प्रत्येक वेळी ‘हा विशिष्ट चित्रपट का अडवला?’ एवढाच मर्यादित प्रश्न विचारावा लागला. त्यामुळेच विजय मिळत गेले आणि त्याच कारणाने प्रत्येक नव्या माहितीपटासाठी लढाई पहिल्यापासून लढावी लागली.

‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’चे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. या माहितीपटाच्या पहिल्या भागाला ‘यू’ आणि दुसऱ्याला ‘ए’ प्रमाणपत्र होते. प्रौढांसाठीचा चित्रपट दूरदर्शनवर दाखवता येत नाही, आणि दाखवल्यास शांतताभंग होईल, असे दूरदर्शनचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २००६ रोजी पटवर्धनांच्या बाजूने निकाल दिला. सुटी दृश्ये बाजूला काढून तपासायची नसतात, चित्रपट सलग आणि सर्वसाधारण समंजस प्रेक्षकाच्या नजरेने पाहायचा असतो, हे सूत्र त्यात पुन्हा ठामपणे सांगितले गेले. पण माहितीपट १९९५ चा आणि निकाल २००६ चा, हेही लक्षात घ्यावे. दंगलींच्या पार्श्वभूमीवर मर्दानगीच्या कल्पनांची चिकित्सा करणारा माहितीपट त्या दंगलींच्या आठवणी ताज्या असताना घराघरांत दिसायला हवा होता. अकरा वर्षांनी तो दिसला तेव्हा देशात शेकडो वाहिन्या झाल्या होत्या. खटला जिंकूनही मधली वर्षे परत मिळत नाहीत, आणि सरकारी वकिलांना ते पुरेपूर ठाऊक असते.

‘जंग और अमन’बाबतही तेच घडले. पोखरणच्या १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका येथे फिरून केलेला हा माहितीपट. बोर्डाने त्यात २१ काटछाटी सुचवल्या होत्या. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्या बाजूला सारून तो अखंड दाखवण्यास परवानगी दिली, आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असे विनोद आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकातच सापडतात.

तिरकस

खटल्यांचे कौतुक समजू शकतो, परंतु त्या धामधुमीत माहितीपटांची कठोर समीक्षा करायची राहून जाते. बंदीचा प्रयत्न झाला म्हणून कलाकृती आपोआप थोर ठरत नाही. मला पटवर्धनांच्या माहितीपटांबद्दल दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप संकलनाचा. श्रीमंतांच्या मेजवानीतले उथळ बोलणे दाखवायचे आणि लगेच पाडलेल्या झोपडीवर यायचे, ही युक्ती ‘हमारा शहर’मध्ये इतक्यांदा येते की थोड्या वेळाने प्रेक्षकाला विचार करायला काही उरतच नाही. दुसरा आक्षेप मुलाखतींचा. नेत्यांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारणे योग्यच आहे, पण ‘राम के नाम’मध्ये मोर्चातल्या एखाद्या अर्धशिक्षित तरुणाला रामाचा जन्म कोणत्या शतकात झाला हे विचारून त्याची भंबेरी उडवण्यात काय साधते? सभागृहात हशा पिकतो. तो हशा कोणाचा असतो आणि कोणावर असतो, याचा विचार व्हायला हवा. ज्याचे मन वळवायचे त्याचीच खिल्ली उडवली तर तो दुसऱ्या खेळाला कशाला येईल?

पारावरचा

तिरकस, आपला दुसरा आक्षेप मला अंशतः पटतो. तो हशा मीही ऐकला आहे आणि अस्वस्थ झालो आहे. तरीही त्याच माहितीपटात पुजारी लालदासही आहेत, हे विसरू नये. न्यायालयाने नेमलेले, रामजन्मभूमीच्या त्या मंदिराचे पुजारी शांतपणे बसून सांगतात की हा सत्तेचा आणि पैशाचा खेळ आहे आणि मंदिराच्या नावाने ओरडणाऱ्यांनी तेथे कधी साधी पूजाही केलेली नाही. त्या मुलाखतीत खिल्ली नाही, आवाज चढवणे नाही. एक श्रद्धावान माणूस श्रद्धेच्या वतीने बोलतो आहे. पुढे त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. त्या माहितीपटाचे सगळे वजन मला त्या काही मिनिटांत दिसते. मोर्चातली प्रश्नोत्तरे वगळली असती तरी चालले असते.

पहिल्या आक्षेपाविषयी मात्र मी वेगळे म्हणेन. ‘हमारा शहर’मध्ये एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचा काय उपयोग, अशा आशयाचे ती सुनावते, आणि पटवर्धनांनी ते कापून टाकलेले नाही. सामाजिक विषयांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. बहुतेक जण तो संकलनाच्या टेबलावर पुसून टाकतात. १९८६ मध्ये याच माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, त्या सुमारास दक्षिण मुंबईतील संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, आणि वस्तीच्या पुनर्वसनासाठी शबाना आझमी व काही रहिवासी यांच्याबरोबर पटवर्धनही उपोषणाला बसले. त्या लोकांना अखेर गोरेगावात जागा मिळाली. त्या बाईच्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर आहे असा माझा दावा नाही, पण प्रश्न ऐकला गेला होता एवढे त्यावरून दिसते.

भायखळा पूर्व

गिरणगावातल्या वाचकाच्या नजरेने थोडे लिहितो. पटवर्धनांच्या मोठ्या माहितीपटांची चर्चा होते, पण ‘ऑक्युपेशन : मिलवर्कर’ हा १९९६ चा, जेमतेम २२ मिनिटांचा छोटा माहितीपट मागे पडतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, हे आपल्याला माहीत असते. पण नंतरच्या दशकात गिरण्या चालवण्यापेक्षा त्यांच्या जमिनी विकणे फायद्याचे कसे ठरू लागले आणि टाळेबंदी हे त्याचे हत्यार कसे बनले, ते या छोट्या माहितीपटात समजते. न्यू ग्रेट ईस्टर्न मिलच्या कामगारांनी टाळेबंद गिरणीचा ताबा घेऊन ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, त्याची ही नोंद आहे. चार वर्षे बंद असलेल्या खात्यात शिरून आपापल्या यंत्रापाशी जाणारी माणसे त्यात दिसतात. कोणता साचा (माग) कोणाचा, हे त्यांना विचारावे लागत नाही.

‘जय भीम कॉम्रेड’बद्दल कोणी अजून लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण मराठी प्रेक्षकाशी त्यांचा सर्वात थेट संवाद त्यातच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. हेच विलास घोगरे ‘हमारा शहर’मध्ये गाताना दिसतात. डाव्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ती का बांधली, या एका प्रश्नाचा माग पटवर्धनांनी पुढे सुमारे चौदा वर्षे काढला. त्या वाटेवर खैरलांजी येते, गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला झालेली जन्मठेप आणि नंतरचा जामीन येतो, आणि शेवटी पुण्याच्या कबीर कला मंच या शाहिरी पथकाची तरुण मुले येतात.

हा माहितीपट जानेवारी २०१२ मध्ये प्रथम भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर पडदा बांधून दाखवला गेला. ज्यांच्याविषयी माहितीपट आहे ते पहिले प्रेक्षक आणि महोत्सवांचे परीक्षक नंतर, असा हा क्रम होता. पडद्यावरच्या गाण्यांना समोरची गर्दी ठेका धरते तेव्हा तो बंद सभागृहातला खेळ राहत नाही, कव्वालीच्या सामन्यासारखे वातावरण होते. धागाकर्त्यांनी ‘उरलेले निम्मे काम’ म्हटले आहे, त्यात न्यायालयांपेक्षा मला हे अधिक मोलाचे वाटते.

संकलक

मी याच व्यवसायात, पण जाहिराती आणि मालिकांच्या बाजूला काम करतो. तांत्रिक अंगाने दोन गोष्टी नोंदवतो.

१६ मि.मी.चा ४०० फुटांचा रोल साधारण ११ मिनिटे चालतो. फिल्म महाग, धुलाई महाग, त्यानंतर संकलनासाठीची कच्ची प्रत (वर्किंग प्रिंट) वेगळी. ध्वनी स्वतंत्र रेकॉर्डरवर घ्यायचा आणि नंतर जुळवायचा. अशा परिस्थितीत रस्त्यावरच्या माणसाशी बोलताना कॅमेरा कधी सुरू करायचा, हा निर्णय पैशांचाही असतो. ‘हमारा शहर’ किंवा ‘राम के नाम’मधल्या मुलाखती नेमक्या आणि आटोपशीर वाटतात, त्यामागे ही शिस्त आहे. व्हिडिओ आल्यावर हा लगाम सुटला. ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून मोठा आणि ‘विवेक’ सुमारे चार तासांचा झाला, त्याचे एक कारण विषयाचा आवाका हे असले तरी दुसरे कारण टेप स्वस्त झाली हेही आहे. चौदा वर्षे एका विषयामागे राहणे फिल्मच्या दिवसांत त्यांना परवडले नसते. ‘विवेक’मध्ये दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांचा माग आहे, प्रत्येक प्रकरण स्वतंत्र माहितीपटाच्या योग्यतेचे आहे आणि ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला २०१८ मध्ये सर्वोच्च पुरस्कारही मिळाला. तरीही माझ्या व्यावसायिक मते त्यातली पाऊण तासाची सामग्री कमी झाली असती तर तो अधिक धारदार झाला असता.

दुसरी गोष्ट अशी, की पटवर्धन बहुतेक वेळा कॅमेरा स्वतः चालवतात, प्रश्न स्वतः विचारतात आणि संकलनही स्वतः करतात. त्यामुळे समोरचा माणूस प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहतो तेव्हा तो जवळजवळ आपल्याकडेच पाहत असतो. ‘जंग और अमन’मध्ये लाहोरच्या शाळकरी मुली वक्तृत्व स्पर्धेत अणुबॉम्बच्या बाजूने तडाखेबंद भाषणे करतात आणि नंतर गप्पांच्या ओघात, टाळ्या त्याच बाजूला मिळतात म्हणून तसे बोललो, प्रत्यक्षात आम्हाला ते पटत नाही, असे कबूल करतात. पाच-सहा जणांचा ताफा, दिवे आणि बूम (लांब दांडीचा माइक) घेऊन गेले असते तर त्या मुलींनी भाषणच पुन्हा म्हणून दाखवले असते.

नवशिका

मी माध्यमशास्त्राचा विद्यार्थी आहे. वरची चर्चा वाचून एक व्यावहारिक प्रश्न पडला. असे काम करणाऱ्याचे घर कशावर चालते? आज कोणी या मार्गाने जायचे ठरवले तर त्याला कोणती दारे उघडी आहेत?

संकलक

स्पष्टच सांगतो. पटवर्धनांचा मार्ग जसाच्या तसा कोणाला गिरवता येईल असे मला वाटत नाही. त्यांनी बहुतांशी स्वतःच्या बळावर आणि मित्रांच्या मदतीने माहितीपट केले, एका माहितीपटाची विक्री आणि पारितोषिके पुढच्यासाठी वापरली. मुंबईत डोक्यावर छप्पर, इंग्रजीवर प्रभुत्व आणि न्यायालयात वर्षानुवर्षे टिकून राहण्याची ताकद ही भांडवलेच आहेत, जरी ती पैशात मोजली जात नसली तरी. हा त्यांच्यावरचा आरोप नव्हे. त्यांनी ‘वसुधैव कुटुंबकम्’ या २०२३ च्या माहितीपटात आपल्या आई-वडिलांचे घरच पडद्यावर आणले आहे. ते पाहिल्यावर हे भांडवल कोठून आले ते आपोआप उमगते.

इतरांच्या बाबतीत चित्र असे आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेले, माहितीपट काढणारे सरकारी फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीमध्ये (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाले आहे. दूरदर्शनवर माहितीपटांना मिळणारी जागा आक्रसली आहे. ओटीटीवाल्यांना गुन्हेगारी प्रकरणे आणि खेळाडूंची चरित्रे हवी असतात. परदेशी निधी मिळतो, पण त्यासाठी प्रस्ताव इंग्रजीत आणि विषय परदेशी प्रेक्षकाला समजेल असा मांडावा लागतो, आणि ती वळणे विषयाला बारीक बारीक ठिकाणी वाकवतात. माझ्या ओळखीचे बहुतेक माहितीपटकार अध्यापन, संस्थांसाठीच्या फिल्म्स किंवा लग्नाचे चित्रीकरण करून आपला वेळ विकत घेतात. त्यात कमीपणा मानू नये.

काळाकोट

दारांविषयी एक पुरवणी. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली, परदेशी माहितीपटांना मात्र ती नव्हती. तेव्हा देशभरातले माहितीपटकार एकत्र आले आणि त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. पटवर्धन त्यात आघाडीवर होते, पण ते काम एकट्याचे नव्हते. त्या गोटातून पुढे ठिकठिकाणी नियमित खेळ सुरू झाले. माहितीपटकाराला वकील लागतो तसा सोबत्यांचा गोतावळाही लागतो. २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात ‘विवेक’ला केंद्राने परवानगी नाकारली, तेव्हा केरळ उच्च न्यायालयात आयोजकांनी बाजू लावून धरली म्हणून तो दाखवला गेला.

तिरकस

माझे आक्षेप कायम आहेत, पण गिरणीचा तो छोटा माहितीपट मी पाहिलेला नाही, तो पाहीन. आमच्या ग्रंथालयाच्या चित्रपट मंडळात पटवर्धनांचा एक खेळ ठेवावा असा विचार आहे. सभासद बहुतांश निवृत्त, मते ठाम आणि परस्परविरोधी. धागाकर्त्यांनी सुरुवात कशाने करावी ते सुचवावे.

पारावरचा

‘राम के नाम’ने सुरुवात करू नका. सभासद माहितीपट सुरू होण्याआधीच बाजू घेऊन बसतील. एका रविवारी ‘हमारा शहर’ ठेवा. तो सव्वा तासाचा आहे, मुंबईचा आहे, आणि चर्चेला वेळ उरतो. पुढच्या खेळाला ‘जय भीम कॉम्रेड’ घ्या. विलास घोगरे दोन्हींत असल्याने सभासदांना धागा सापडेल, आणि बरीचशी गाणी मराठी असल्याने उपशीर्षकांची अडचण होणार नाही. तो सलग दाखवण्याचा हट्ट धरू नये. मध्ये चहासाठी वीस मिनिटांची सुट्टी द्यावी लागेल, आणि शक्य असल्यास तुमच्या गावातल्या एखाद्या शाहिराला किंवा भीमगीते गाणाऱ्या मंडळाला आधी निमंत्रण धाडावे. खेळाची घोषणा करताना प्रमाणपत्राची प्रत मात्र ग्रंथालयाच्या कपाटात तयार ठेवा.